फाटक क्रमांक चौदा सापडले नाही

ता. ३ जून

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. नमस्कार, आणि एक गुपित.

फोन सोडून पत्र का, म्हणून तू आठ्या घालशील. कारण सांगतो. आत्याचे डोळे मंदावले तसे तिचे कान दुप्पट झाले आहेत. आपला फोन तिच्या खोलीच्या दाराशी. मी आवाज बारीक केला की ती आतून ओरडते, की नीट बोल, मला ऐकू येत नाहीये. तेव्हा जे तिला कळू द्यायचं नाही ते कागदावरच लिहायला हवं.

मंगळवारी तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचं दुखणं आहे. मधलं आधी जातं, कडेचं राहतं. अजून दोन-अडीच महिने बरं दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. आत्याने मान डोलावली आणि डॉक्टरांच्या टेबलावरचा दिवा फार चांगला आहे म्हणाली. घरी येताना, दूध संपलंय सांगावं तशा सुरात, ती एवढंच बोलली, की सव्वीस वर्षं गाड्यांना झेंडा दाखवला, पण गाडीतून आपलं फाटक कसं दिसतं ते काही बघायचं झालं नाही.

ताई, तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. माझ्या शेवटच्या फेरीला मी तिला इंजिनात बसवणार होतो, आठवतं? साहेबांनी नको म्हणायच्या आधी तीच नको म्हणाली. इंजिनात परक्या माणसाला मनाई आहे, नियम तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ. पुढे दोन वर्षांत तिच्या फाटकावरून जाणारी ती रेल्वेची शाखाच बंद झाली, रूळ उचलले. आता तिथे रुंद रस्ता आहे.

आता गुपित. जावईबापूंनी दिलेल्या कॉम्प्युटरवर मी आगगाडी चालवण्याचा खेळ खेळतो, हे तुला ठाऊक आहे. ही म्हणते, निवृत्त झालेला शिंपी घरच्या पडद्यांची मापं घेत बसत नाही. म्हणू दे. या खेळासाठी हौशी लोक स्वतः मार्ग बनवून फुकट वाटतात. एप्रिलमध्ये मला काय सापडलं असेल? आपली शाखा! प्रत्येक वळण, प्रत्येक मोरी, अगदी दुसऱ्या पुलाचा वाकलेला कठडासुद्धा. पण मार्ग उघडला की पाटी येते: चार वस्तू सापडल्या नाहीत. फाटक क्रमांक चौदा. फाटकघर. विहीर. बाई.

या चार वस्तू त्याच माणसाने वेगळ्या ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जोडसंचात, दिल्या होत्या, आणि त्याची वेबसाइट कधीच बंद पडली आहे. फाटकाबरोबर रुळाचा तुकडा येतो, त्यामुळे तिथे रूळ तुटलेला. छत्तीस वर्षांत माझी गाडी एकदाही घसरली नाही, आता रोज दुपारी चहाच्या आधी घसरते. तू जन्मभर लोकांना हरवलेली पुस्तकं शोधून दिलीस. मला एवढं फाटक शोधून दे.

तुझाच,
बाळ


ता. ९ जून

चि. बाळ यास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद, घसरलेल्या गाडीसकट.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा चष्मा पुसला. सुट्टीत आपण फाटकघराच्या पायरीवर बसून मालगाडीचे डबे मोजायचो. तू नेहमी एक जास्त मोजायचास आणि भांडायचास. आत्या निकाल द्यायची नाही. गाडी जाईपर्यंत ती आपली आत्या नसायचीच. हिरवा झेंडा धरून अशी उभी राहायची, की मला वाटायचं, ही जरा हलली तर गाडी थांबेल.

आणि गंमत बघ. याच फाटकाने तुला दोन दिवस घरी बसवलं होतं. इंजिन हातात येऊन दोन वर्षं झाली नव्हती, फाटकाआधीच्या शिट्टीच्या फलकापाशी शिट्टी द्यायला विसरलास, आणि सख्ख्या आत्याने तुझ्यावर लेखी तक्रार केली. वर्षभर तू तिच्याशी बोलला नाहीस. गाडी मात्र रोज तिच्यासमोरून न्यायचास, नाक वर करून, आणि शिट्टी अशी लांबलचक, की आसपासच्या म्हशी बिथरायच्या. आता तेच फाटक हुडकत फिरतो आहेस. देव मोठा विनोदी आहे.

बरं, कामाचं. मिशनच्या शाळेत ग्रंथालय बघणाऱ्या सिस्टर आम्हाला सांगायच्या, की पुस्तक सापडत नसेल तर पुस्तक शोधू नका, ते शेवटचं कोणी हाताळलं ते शोधा. तेव्हा मार्गाबरोबर जी काही बारीक अक्षरातली टिपणं आली असतील ती सगळी उतरवून पाठव. बनवणाऱ्याचं नाव, टोपणनाव, काय असेल ते. आणि कृपा करून एका वेळी एकालाच विचार. तू लहानपणी हरवलेली गोटी शोधताना अख्ख्या गल्लीला उठवायचास.

आत्याला माझा नमस्कार सांगू नकोस, नाहीतर पत्र आलं हे कळेल.

तुझी,
ताई


ता. १७ जून

ती. ताईस,
सा. न. तुझा सल्ला एक दिवस उशिरा पोचला, हे आधीच कबूल करतो.

मी गल्ली उठवली होती. आगगाडीवाल्यांच्या सात ठिकाणी सात वेळा तीच विचारणा टाकली. पाचांनी मला उतावळा म्हणून समज दिली. एकाने लिहिलं, की आजोबा, आधी शोधायला शिका. दुसऱ्याने तर विचारलं, की तुम्ही आयुष्यात कधी आगगाडी चालवली आहे का? मी उत्तर टाइप केलं, मग हिने माझा हात धरला.

एका भल्या माणसाने मात्र कुठल्याशा थंड देशातून एक फाटक पाठवलं. क्रमांक चौदाच. मी आनंदाने बसवलं. फाटक आलं, ताई, पण वडाच्या शेंड्यावर. त्यावर वीतभर बर्फ. खाली रूळ तुटलेला तो तुटलेलाच. ही इतकी हसली, की आत्याने भिंतीवर काठी आपटून काय चाललंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, ही घसरली. तेव्हापासून आत्या हिला जपून चाल म्हणून दटावते आहे.

टिपणात फार काही नाही. मार्ग बनवणाऱ्याने स्वतःचं नाव नुसतं पेन्सिल असं लिहिलं आहे. खाली वेबसाइटचा पत्ता आहे, तो वेगळ्या कागदावर उतरवून जोडला आहे.

काल आत्याने वर्तमानपत्र डोळ्याच्या कडेला धरून वाचायचा प्रयत्न केला. पाखरू दाणा बघताना मान तिरकी करतं, तशी. मला बघवलं नाही. मग मी वाचून दाखवलं, तर म्हणाली की मी फार भरभर वाचतो, स्टेशनं चुकवतो.

तुझा,
बाळ


ता. २६ जून

चि. बाळ यास,
आशीर्वाद, आणि शाबासकी मलाच.

तो पत्ता घेऊन मी माझ्या जुन्या ग्रंथालयात गेले. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथली मुख्य आहे. तिने सांगितलं, की बंद पडलेल्या पानांच्या नकला जपून ठेवणारी कोठारं असतात. तासभर ती खालीवर करत होती आणि मी तिच्या खांद्यावरून नको तिथे बोट दाखवत होते. शेवटी पेन्सिलचं पान मिळालं. मजकूर शाबूत, पण तुझं ॲड-ऑन नाही. त्या जागी रिकामी चौकट. माझा जीव खट्टू झाला. उठणार तेवढ्यात तळाची ओळ दिसली. जशीच्या तशी लिहिते:

‘फाटक चौदाच्या बाईंचे आभार. त्यांनी फोटो काढू दिला नाही, म्हणून सगळं नीट बघून ठेवावं लागलं.’

बाळ, मी वाचनालयात मोठ्याने हसले. ज्या गृहस्थांना मी वीस वर्षं गप्प बसवलं, त्यांनी मला बोट ओठांवर ठेवून गप्प केलं.

म्हणजे पेन्सिल आत्याला भेटला होता! आणि आता तू सांग, आत्याने फाटकावर आलेल्या कुठल्या परक्या माणसाला नाव-पत्ता लिहून घेतल्याशिवाय सोडलं आहे? सरकारी नोंदवही भरली की ती जमा करायची, पण तिची स्वतःची एक वही असायची, पिशवीत, सुतळीने बांधलेली. आपल्या मावसभावालासुद्धा तिने त्या वहीत घातलं होतं, रूळ ओलांडला म्हणून.

ती तुझ्याकडे राहायला आली तेव्हा तिची पत्र्याची ट्रंक माझ्या माळ्यावर आली. शेजारच्या सुतारांना हाक मारून उतरवून घेतली. आत तिचे दोन झेंडे, हिरवा विटून पोपटी झालेला, आणि अकरा वह्या. तू जगभर हिंडलास, आणि ज्यांच्यात उत्तर असेल त्या वह्या माझ्या माळ्यावर, झोपायच्या खोलीच्या बरोबर वर!

कालपासून वाचते आहे. आज चौथी चालू आहे. स्वयंपाकाकडे लक्ष नाही. कुठल्या गाईने किती वेळ अडवलं तेही लिहिलं आहे. तुझी तक्रारही सापडली. शेवटी लिहिलंय, ‘चालक नात्याने भाचा. नोंद करताना वाईट वाटले. नोंद केली.’ हे तुला ठाऊक असावं म्हणून कळवलं.

तुझी,
ताई


ता. १ जुलै

चि. बाळ,
आशीर्वाद पुढच्या पत्रात सावकाश देईन. सापडला!

आठवी वही. उतरवून देते.

‘११ मार्च. दु. २ वा. १० मि. इसम एक, वय अंदाजे तीस. सायकल, कॅमेरा. फाटकाचा फोटो काढणार म्हणाला. परवानगीपत्र नाही. मना केले. नाव, पत्ता घेतला. उन्हाने लाल झाला होता. पाणी दिले. ४ वा. ५ मि. पर्यंत पायरीवर बसून होता. नुसता बघत होता. बघण्यास मनाई नाही.’

खाली नाव आणि पत्ता, तिच्या गोल गोल अक्षरात. तीस वर्षांपूर्वीचा पत्ता. माणूस तिथे असेल का, असेल तर त्याच्याकडे काय उरलं असेल, काही सांगता येत नाही. पण मी आजच पत्र टाकलं. तोवर गाडी घसरवणं बंद कर, वंगण वाया जातं.

ताई


ता. १४ जुलै

आदरणीय बाईंस,
स. न. आपली ओळख नाही, पण तुमच्या आत्यांची आणि माझी आहे.

तुमचं पत्र आमच्या जुन्या घरी गेलं. तिथे थोरले बंधू राहतात. त्यांनी ते पाच दिवस फ्रिजवर ठेवलं आणि सहाव्या दिवशी फोन करून विचारलं, की तू कुठल्या फाटकाच्या भानगडीत अडकला आहेस? उशीर त्यांचा, क्षमा माझ्याकडून.

मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढत असे. सुट्टीच्या दिवशी सायकलवरून ती शाखा बघत फिरायचो, कारण ती फार दिवस टिकणार नाही असं तेव्हाच बोललं जाई. फाटक चौदापाशी कॅमेरा काढला आणि बाईंनी हात आडवा केला. मी पुष्कळ गयावया केली. त्यांनी नियम सांगितला, नाव लिहून घेतलं, आणि पितळी भांड्यातून पाणी दिलं. मग म्हणाल्या, की बसायचं असेल तर बस, पायरी कुणाच्या बापाची नाही. मी दोन तास बसलो. कौलं मोजली. विहिरीच्या रहाटाला किती आरे आहेत ते मोजलं. बाकीच्या शाखेचे माझ्याकडे दोनशे फोटो होते, पण खेळासाठी मार्ग बनवायला बसलो तेव्हा सगळ्यात अचूक उतरलं ते फाटक चौदा.

वेबसाइट बंद केली, कारण चार माणसंही येत नव्हती असं वाटलं. संच मात्र कंपासपेटीत एका डिस्कवर जपून ठेवला होता. तो सोबतच्या पेनड्राइव्हवर उतरवून पाठवतो आहे. चारही वस्तू आहेत. कुठे ठेवायच्या ते चित्र काढून दाखवलं आहे. आपल्या बंधूंनी पेनड्राइव्हवरचं सगळं एकदम न ओतता चित्र बघावं, ही विनंती.

एक कबुली द्यायची आहे. बाई बनवताना मला त्यांचा चेहरा अगदी स्पष्ट आठवत होता. तरी काढला नाही. परवानगी नव्हती. म्हणून त्या एका हाताने झेंडा धरून, दुसरा हात डोळ्यांवर आडवा धरून गाडीकडे बघताहेत, असं दाखवलं. हाताच्या सावलीत चेहरा झाकला जातो. त्यांना राग येणार नाही ना?

आपण पत्रात माझ्या सायकलीचीही विचारपूस केलीत, तसाच लोभ माझ्यावरही असावा.

आपला,
नकाशेवाला (पेन्सिल)


ता. २२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. आज अक्षर जरा सांभाळून घे.

तू पुढे धाडलेला पेनड्राइव्ह शनिवारी आला. मी चित्र न बघता सगळं ओतलं, मग फाटक नदीत गेलं, मग चित्र बघितलं. रविवारी पाटी आली नाही. एकही वस्तू हरवलेली नाही! मी एकट्याने गाडी तेरा नंबरच्या फाटकापर्यंत नेली आणि थांबवली. पुढे तिच्याशिवाय जायचं नव्हतं.

आज दुपारी तिला सांगितलं, की चल, इंजिनात बसायचंय. ती म्हणाली, परक्याला मनाई आहे. मी तयारीत होतो. शिक्क्याऐवजी हिच्या बांगडीचा गोल उमटवून परवानगीपत्र केलं होतं, मोठ्या अक्षरात. तिने ते डोळ्याच्या कडेला धरून शेवटपर्यंत वाचलं, तारीख बरोबर आहे का विचारलं, आणि घडी घालून कमरेला खोचलं. मग स्वयंपाकघरातली खुर्ची माझ्या डावीकडे घेतली. मान तिरकी केली.

पहिल्या स्टेशनापासून ती मला शिकवत होती. वेग जास्त आहे. इथे उतार आहे, विसरलास का? दुसऱ्या पुलाचा वाकलेला कठडा तिने दिसण्याआधीच सांगितला. तेरानंतर तिने खुर्ची पुढे ओढली. वळण संपलं. आधी विहीर आली, मग कौलं, मग फाटक, बंद, आणि त्याच्या बाजूला बाई, हिरवा झेंडा आणि डोळ्यांवर आडवा हात.

ताई, आत्या उठून उभी राहिली. हात गुडघ्यांना न लावता.  ही हातातलं काम टाकून दारात आली. शेवटचा डबा जाईपर्यंत आत्या ताठ उभी होती. मग मला विचारलं, की शेवटच्या डब्यावरची, गाडी अख्खी गेल्याची पाटी होती ना? मी होती म्हणालो. त्यावर बरं म्हणाली, आणि काठी न घेता भिंतीला धरून आपल्या खोलीत गेली.

दार लावून घेतलं आहे. हिच्याकडून जाड शाईचा पेन मागून घेतला. तीन तास झाले, चहासुद्धा दारातूनच घेतला. मी काही चुकलो का? तिला आवडलं की दुखलं, काहीच कळत नाही. तुला कळलं तर कळव.

तुझा,
बाळ


ता. २२ जुलै

चि. थोरलीस,
आत्याचे आशीर्वाद. हे पत्र मीच लिहिले आहे. एका पानावर चार ओळी मावतात, म्हणून पाने जास्त. टपालाचा खर्च बाळ करेल.

नोंद पुढीलप्रमाणे.

आज दु. ३ वा. २० मि. प्रवासी गाडी फाटक चौदावरून गेली. फाटक वेळेत बंद होते. बाई जागेवर होती. झेंडा योग्य हातात होता. विहिरीचा रहाट बरोबर. पायरीचा तुटलेला कोपरासुद्धा आहे. काढणाऱ्याने नीट बघितले होते. पायरीवर दोन तास बसून बघणारा एकच इसम आठवतो.

चालकाने फलकापाशी शिट्टी दिली नाही. दुसरी वेळ. डोळे भरले होते, हे कारण नियमात बसत नाही. तरी या वेळी तक्रार करणार नाही.

तुम्हाला वाटते मला कळले नव्हते. रोज दुपारी गाडी तेरा ओलांडायची आणि खडखड करून थांबायची. तेरा कधी गेले ते मला आवाजावरून कळते. कोणीतरी फाटकापर्यंत पोचायची धडपड करते आहे, एवढे समजले. मी वाट बघत होते. वाट बघणे हे माझे कामच होते.

इंजिनातून फाटक लहान दिसते. मला वाटले होते मोठे असेल. बाई मात्र लांबून दिसते. म्हणजे तो अबोला धरून जात होता त्या वर्षीही मी त्याला रोज दिसत होते. हे बरे झाले.

बाळला सांग, चूक झाली नाही. मी रडत नाही, लिहिते आहे. रात्री जेवायला बाहेर येईन.

पाणी प्यायलेल्या त्या गृहस्थांना माझ्यातर्फे कळव. पत्ता माझ्या वहीत आहे. फोटो काढण्यास आजपासून परवानगी आहे. महिना संपायच्या आत यावे, म्हणजे मलाही त्यांचा चेहरा बघता येईल. झेंडा तुझ्याकडे ट्रंकेत आहे, तो घेऊन तूही ये.

डोळ्यांवरचा हात काढून उभी राहीन.

तुझी,
आत्या
(फाटक क्र. १४)